जुन्या गाडीसाठी वेगळा जीपीएस रिसीव्हर घ्यावा, की फोनवरच भागवावे?

कासारवडवली_रहिवासी

नमस्कार. आम्ही घोडबंदर रस्त्यावर कासारवडवली परिसरात राहतो. आमची गाडी जुनी असून तिच्यात पडदा नसलेला साधा स्टिरिओ आहे. मी ती घेऊन कळव्यामार्गे महापे येथे कामावर जाते, आणि अधूनमधून माझे वडील तीच गाडी घेऊन मुरबाड, माळशेज घाटमार्गे ओतूरला जातात. दोघेही आपापल्या फोनवरील नकाशा वापरतो, मात्र आमच्या तक्रारी वेगवेगळ्या आहेत.

माझी तक्रार अशी की माजिवडा आणि कापूरबावडी येथे मी पुलाखालून जात असले तरी नकाशा मला पुलावर धरतो आणि वळण निघून गेल्यावर सूचना देतो. पुढे मेट्रोच्या खांबांच्या रांगेत निळा ठिपका मुख्य रस्त्यावरून सर्व्हिस रोडवर उडी मारतो. वडिलांच्या बाबतीत घाटात नेटवर्क गेले की नकाशा कोरा पडतो, आणि दुपारच्या उन्हात काचेला लावलेला फोन तापून बंद होतो.

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने ‘नाविक’ (जीपीएससारखी भारताची उपग्रह प्रणाली) असे लिहिलेला, ब्लूटूथने फोनला जोडायचा रिसीव्हर सुचवला. उपग्रह भारतीय असल्यामुळे तो आपल्याकडे जास्त अचूक चालेल, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्याने अँड्रॉइड स्टिरिओ बसवण्याचा आग्रह धरला. माझी खर्चाची मर्यादा पाच ते सहा हजार रुपये आहे. एवढ्या पैशांत या अडचणी खरोखर दूर करणारे काय मिळेल, हे जाणकारांनी सांगावे.

नेरूळचा_मोजणीदार

तुमच्या प्रश्नात चार निरनिराळी दुखणी एकत्र आली आहेत आणि नव्या रिसीव्हरने त्यांपैकी एकच बरे होण्यासारखे आहे. म्हणून खरेदीआधी ती वेगळी करणे गरजेचे आहे.

पुलावर की पुलाखाली, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्याचे कारण भूमितीत आहे. रिसीव्हरला चार अज्ञात गोष्टी शोधायच्या असतात, त्या म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची आणि त्याच्या स्वतःच्या स्वस्त घड्याळातील चूक. यासाठीच किमान चार उपग्रह दिसावे लागतात. क्षितिजावर सर्व दिशांना उपग्रह असल्यामुळे आडव्या स्थानातील चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात. उंचीचे तसे होत नाही, कारण आपल्या पायाखालचे उपग्रह पृथ्वीने झाकलेले असतात आणि सर्व मोजमापे वरच्याच बाजूने येतात. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचे आडवे स्थान साधारण पाच मीटरच्या आत असते, तर उंचीतील चूक त्याच्या दीडपट ते दुप्पट होऊ शकते. उड्डाणपुलाचा रस्ता खालच्या रस्त्यापासून बहुधा तेवढ्याच अंतरावर असतो, आणि पुलाखाली तर आकाशही मोकळे नसते. त्यामुळे तुमच्या मर्यादेतला कोणताही रिसीव्हर हा निवाडा विश्वासाने करू शकणार नाही. ॲप तो वेगावरून, दिशेवरून आणि आखलेल्या मार्गावरून अंदाजाने करते.

म्हणून येथे इलाज रिसीव्हरमध्ये नसून सूचनेत आहे. गुगल मॅप्सने २०२४ साली भारतात चारचाकी चालकांसाठी पुढचा उड्डाणपूल घ्यायचा की नाही हे आधी सांगण्याची सोय आणली. मॅपल्स या भारतीय नकाशा ॲपमध्ये मोठ्या चौकाचे त्रिमिती चित्र दिसते. पुलाचा चढ सुरू होण्यापूर्वी मिळालेल्या सूचनेवर निर्णय घ्यावा आणि पुलाखाली असताना ठिपक्याकडे दुर्लक्ष करावे, हेच सध्या शहाणपणाचे आहे.

ठिपक्याच्या उडीचे कारण मात्र वेगळे आहे आणि तेथे चांगल्या यंत्राने फरक पडतो. उंच इमारती आणि मेट्रोच्या मार्गिकेचे काँक्रीट यांवर आपटून आलेला सिग्नल थेट सिग्नलपेक्षा उशिरा पोहोचतो, आणि रिसीव्हर तो उशीर अंतर समजतो. जुने व स्वस्त रिसीव्हर केवळ एल-१ या १५७५.४२ मेगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालतात. तिच्यावरील नागरी संकेताचा एक घटक अंतराच्या भाषेत सुमारे ३०० मीटर लांब असतो, तर एल-५ वरील, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्‌झवरील, घटक सुमारे ३० मीटरच असतो. घटक जितका आखूड, तितके थेट व परावर्तित सिग्नल वेगळे ओळखणे सोपे. दोन्ही लहरी घेणारा रिसीव्हर आणखी एक काम करतो. वातावरणाच्या वरच्या आयनांबरात दोन्ही लहरींना होणारा उशीर वेगवेगळा असल्यामुळे त्यांच्या फरकावरून मूळ उशीरच काढून टाकता येतो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनांबर जास्त दाट असलेले पट्टे आहेत आणि मुंबई-ठाणे त्यांपैकी उत्तरेकडील पट्ट्यालगत येते, त्यामुळे विशेषतः सूर्यास्तानंतर होणारी गडबड आपल्याकडे युरोपपेक्षा जास्त असते. परदेशी परीक्षणे वाचून यंत्र निवडणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

थोडक्यात, खोक्यावर किती उपग्रहमालिकांची नावे छापली आहेत यापेक्षा यंत्र एल-५ घेते की नाही, हे दुकानदाराला विचारावे. बहुतेकदा त्याला उत्तर देता येत नाही, आणि तेही एक उत्तरच असते.

एक गोष्ट राहिली. घोडबंदर रस्त्यावर सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात सामावून घेण्याचे काम होत असल्यामुळे काही ठिकाणी नकाशातील रस्ताच जुना असतो. अशा ठिकाणी स्थान बरोबर असूनही ठिपका चुकीच्या रेषेवर ओढला जातो. तो दोष कोणत्याही रिसीव्हरच्या माथी मारू नये.

ऐरोली_पर्यटक_गाडी

मी भाड्याची गाडी चालवतो, म्हणून फोन तापण्याबद्दल आणि जोडणीबद्दल सांगतो. काचेला चिकटवलेला फोन वरून ऊन, आतून चार्जिंग आणि पडद्याचा पूर्ण प्रकाश अशा तिन्ही बाजूंनी तापतो. एसीच्या जाळीला अडकवणारा होल्डर घेतल्यास थंड हवा थेट फोनच्या पाठीवर येते आणि उन्हाळ्यातही फोन बंद पडत नाही. जाळीजवळून आकाश थोडे कमी दिसते, परंतु समोरची काच साधी असेल तर चालते. समोरच्या काचेला उष्णता रोखणारी धातूमिश्रित फिल्म असेल तर मात्र सिग्नल खूपच कमजोर होतो; जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाने काय बसवले आहे हे पाहून घ्यावे.

चार्जरकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारे अगदी स्वस्त चार्जर आणि काही डॅशकॅम स्वतःच असा विद्युत गोंगाट निर्माण करतात की उपग्रहाचा अतिशय क्षीण सिग्नल त्यात बुडून जातो. फोन चार्जिंगला लावल्यावरच ठिपका भरकटत असेल, तर तार काढून पाहावे आणि फरक पडला तर चार्जर बदलावा.

अँड्रॉइड स्टिरिओबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. तुमच्या मर्यादेतील स्टिरिओ बहुधा एल-१ पुरताच असतो, सांगितलेली मेमरी आणि प्रत्यक्ष मेमरी यांत तफावत निघते, आणि जुन्या गाडीची वायरिंग कापावी लागली तर पुढे कटकट वाढते. तरीही तो घ्यायचाच असेल, तर सोबत येणारा चौकोनी अँटेना डॅशबोर्डच्या आत धातूच्या पट्टीखाली कोंबू देऊ नये. तो काचेखाली, सपाट आणि वरच्या बाजूला तोंड करून ठेवायला लावावा. बसवणारे कारागीर घाईत हीच गोष्ट टाळतात.

रबाळे_एमआयडीसी

नाविकविषयी थोडे नेमके लिहितो, कारण दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे.

नाविक ही इस्रोची प्रादेशिक प्रणाली सात उपग्रहांसाठी आखलेली आहे. त्यांपैकी तीन भूस्थिर आणि चार तिरप्या भूसमकालिक कक्षेत, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असावेत, आणि सेवा भारतात व सीमेपासून सुमारे १,५०० किलोमीटरपर्यंत मिळावी, अशी ती रचना होती. हे उपग्रह नेहमी आपल्याच भागावर असतात, त्यामुळे इमारतींच्या गर्दीत डोक्यावर एक-दोन जास्तीचे उपग्रह मिळणे हा खरा फायदा आहे. परंतु काही उपग्रहांतील अणुघड्याळे बंद पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ हा नव्या पिढीचा उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. त्यामुळे स्थान ठरवण्यास उपयोगी उपग्रहांची संख्या मूळ सातपेक्षा बरीच कमी झाली आहे. नाविकला आज अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू यांच्या जोडीने वापरणे योग्य. केवळ त्याच्या नावावर जास्त पैसे मोजू नयेत.

खरेदीदाराला उपयोगी पडणारी खूण मात्र याच नावात दडली आहे. नाविकचे पहिले उपग्रह एल-५ आणि एस या पट्ट्यांवरच संकेत पाठवत होते, आणि एल-१ वरचा संकेत मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून सुरू झाला. त्यामुळे त्यापूर्वीचा एखादा फोन खरोखर नाविक घेत असेल, तर त्यात एल-५ घेणारी व्यवस्था असलीच पाहिजे, आणि तिचा लाभ जीपीएसच्या नव्या उपग्रहांना, गॅलिलिओला व बायडूच्या नव्या पिढीलाही मिळतो. क्वालकॉमने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलेल्या स्नॅपड्रॅगन ७२०जी, ६६२ आणि ४६० या चिप नाविकचे संकेत घेऊ शकत होत्या, आणि त्या महागड्या फोनसाठी नसून मध्यम व स्वस्त फोनसाठी होत्या. आज असे फोन वापरलेले मिळतात.

चिप सक्षम असली तरी फोन बनवणाऱ्याने ती सोय सुरू केली असेलच असे नाही, म्हणून पैसे देण्यापूर्वी तपासावे. जीपीएसटेस्ट हे मोफत ॲप टाकून फोन दुकानाबाहेर मोकळ्या जागेत धरावा. उपग्रहांच्या यादीत एल-५ किंवा ई-५ए (गॅलिलिओचे त्याच लहरींसाठीचे नाव) अशा नोंदी दिसल्या आणि चांगल्या उपग्रहांची सिग्नलशक्ती ३५ ते ४० डेसिबल-हर्ट्‌झच्या पुढे गेली, तर फोन घेण्यासारखा आहे.

ब्लूटूथ रिसीव्हर मी या कामासाठी सुचवणार नाही. अँड्रॉइडमध्ये तो वापरण्यासाठी डेव्हलपर पर्यायांत जाऊन दुसऱ्या ॲपमार्फत स्थान पुरवावे लागते, आणि वडिलांना ते दर वेळी करणे जड जाईल. स्वस्त रिसीव्हरांत निओ-६एमसारखी जुनी, केवळ जीपीएस घेणारी चिपही सर्रास असते. बहुतेक स्वस्त रिसीव्हर सेकंदाला एकदाच स्थान देतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी सुमारे १७ मीटर पुढे जाते, आणि ब्लूटूथचा विलंब त्यात वाढतो.

कासारवडवली_रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. मी आजच माझ्या फोनवर तपासले. त्यात फक्त एल-१ दिसते, आणि वडिलांचा फोन त्याहून जुना आहे. दोघांसाठी मिळून एक वापरलेला, एल-५ घेणारा फोन गाडीतच ठेवावा, जाळीचा होल्डर आणि बऱ्यापैकी चार्जर घ्यावा, असा विचार आहे. त्यात सिमकार्ड घालायचे नाही. घाटात नेटवर्क नसताना सिमविना फोन चालेल का, आणि फोन समोर लावलेला दिसला तर वाहतूक पोलीस हरकत घेतील का?

नेरूळचा_मोजणीदार

चालेल. फोन उपग्रहांना काहीच पाठवत नाही, फक्त ऐकतो, त्यामुळे स्थानासाठी ना सिम लागते ना इंटरनेट. घाटात कोरा पडतो तो नकाशा. घरच्या वाय-फायवर ठाणे, मुरबाड आणि जुन्नर तालुक्यापर्यंतचा भाग आधीच उतरवून ठेवावा. गुगल मॅप्समध्ये उतरवलेला भाग काही काळाने कालबाह्य होतो, म्हणून निघण्यापूर्वी तो अद्ययावत करावा. ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स ही ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेली ॲप पूर्णपणे नेटवर्कविना मार्ग काढतात. वाहतूककोंडीची माहिती मात्र त्यांत मिळणार नाही.

एक बारकावा महत्त्वाचा आहे. इंटरनेट असलेला फोन उपग्रहांच्या कक्षांची माहिती नेटवर्कवरून क्षणात घेतो. सिमविना फोनला ती उपग्रहाकडूनच, सेकंदाला ५० बिट अशा संथ गतीने, ऐकावी लागते. प्रत्येक जीपीएस उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो आणि ती सुमारे चार तास उपयोगी राहते. गाडी झाडांखालून, इमारतींमधून जात असेल तर हे ऐकणे मध्येच तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. म्हणून वडिलांनी इमारतीच्या तळमजल्यावरील पार्किंगमधून बाहेर येऊन मोकळ्या जागी दोन-तीन मिनिटे थांबावे, स्थान पक्के झाले की मगच निघावे.

पोलिसांबद्दल: केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार हातात धरण्याच्या संपर्कसाधनाचा वापर गाडी चालवताना केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करता येतो. होल्डरमध्ये लावून, निघण्याआधी ठिकाण भरून आणि आवाजी सूचना सुरू ठेवून वापरल्यास हरकत घेण्याचे कारण उरत नाही. होल्डर काचेच्या मध्यभागी नसावा.

ऐरोली_पर्यटक_गाडी

फोन वापरलेला घेत आहात, तर बॅटरी फुगलेली नाही ना, हे पाठ सपाट टेबलावर ठेवून पाहा, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो ठेवून जाऊ नका. बाकी निवड योग्य आहे. महाप्याला जाताना त्याच फोनला तुमच्या फोनचा हॉटस्पॉट दिला की विटाव्याची आणि दिघ्याची कोंडीही नकाशात दिसेल.