मदत हवी आहे: वालावरची अळी फवारणीला दाद देत नाही, प्रतिकारक्षमता कशी तपासायची?

वालवाडी_अलिबाग: भातानंतर ओलाव्यावर घेतलेला कडवा वाल. क्लोरॅंट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी (अळीनाशक; एससी म्हणजे बारीक कण तरंगत असलेलं द्रवरूप औषध), १० लिटरला ३ मिली, दोनदा मारलं. तरी शेंगांत अळ्या जिवंत. पोपटीच्या दिवसांत किडकी शेंग कोणी घेत नाही. दुकानदार डोस दुप्पट करा म्हणतो. आमच्या शेतकरी गटाला आधी खात्री करायची आहे. प्रयोगशाळा नाही, पण रिकामी खोली आहे आणि काम करायला माणसं आहेत. अळ्या किती घ्यायच्या, द्रावण कसं करायचं, मोजायचं कधी?

कीडपाहणी: डोस वाढवू नका. आधी अळी कुठली ते बघा. फुलं-शेंगा जाळ्याने चिकटलेल्या आणि आत फिकट, अंगभर काळपट ठिपक्यांची अळी असेल तर ती मारुका. तिच्यापर्यंत फवारा पोचतच नाही, त्यामुळे औषध चांगलं असूनही ती जगते. गोल भोक, अळीचं अर्धं अंग शेंगेबाहेर, तर बहुतेक घाटे अळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा. दोन्ही एकत्र करून चाचणी घेतली तर आकड्याला अर्थ उरत नाही.

मोजलंत कधी, तेही सांगा. या औषधाने अळीचं खाणं काही तासांत थांबतं, पण मरायला दोन ते चार दिवस जातात. दुसऱ्या दिवशी शेंग फोडून जिवंत अळी दिसली म्हणून औषध फेल ठरत नाही. पहाटेच्या दवात पानं निथळत असताना फवारलं असेल तर तेही लिहा.

पतंगसापळा_दापोली: चाचणी पान बुडवण्याच्या पद्धतीने करा. शेतातली अळी थेट वापरू नका. वयं वेगवेगळी असतात, काही आधीच परजीवी माशीने पछाडलेल्या असतात. गावातल्या निरनिराळ्या वाड्यांतून ५०-६० मोठ्या अळ्या आणा, एका कपात एकच ठेवा (घाटे अळ्या एकमेकींना खातात), भिजवलेले हरभरे द्या. कोषातून पतंग निघाले की मलमलचं कापड लावलेल्या बरणीत सोडा, कापसावर १० टक्के मधाचं पाणी ठेवा. अंडी कापडावर मिळतात. त्या पिढीतल्या दुसऱ्या अवस्थेच्या, साधारण अर्धा सेंटिमीटरच्या अळ्या चाचणीला घ्या.

द्रावण: बाटली जोरात हलवा, एससी तळाशी बसतं. लिटरभर पाण्यात ३ मिली घाला. त्यातलं १०० मिली अधिक ९०० मिली पाणी, ही झाली तुमची शेतातली मात्रा, लिटरला ६० मिलिग्रॅम. त्यातलं २०० मिली अधिक ८०० मिली पाणी म्हणजे १२. असंच पुढे २.४, ०.४८, ०.०९६. वापरायच्या सगळ्या पाण्यात आधीच लिटरला ०.२ ग्रॅम ट्रायटन एक्स-१०० (द्रावण पानावर नीट पसरवणारं द्रव्य) मिसळून ठेवा. नियंत्रणाला, म्हणजे तुलनेसाठीच्या कपांना, हेच पाणी, औषधाविना.

कधीच न फवारलेल्या वेलाची पानं १० सेकंद बुडवा. सुरुवात साध्या पाण्यापासून, मग सर्वांत पातळ द्रावण, शेवटी सर्वांत तीव्र. पान कागदावर सुकवून कपात ठेवा. प्रत्येक मात्रेला किमान ३० अळ्या. आपल्या दमट हवेत कपात पाणी सुटतं आणि बारीक अळी त्यात चिकटून मरते. म्हणून तळाला टिपकागद, झाकणाला सुईची भोकं. मोजणी ९६ तासांनी. ब्रशने डिवचल्यावर नीट हालचाल न करणारी अळी मेलेली धरा.

वालवाडी_अलिबाग: साध्या पाण्यातल्याही काही मेल्या तर?

पतंगसापळा_दापोली: ॲबटचं सूत्र लावा, त्याने औषधाविना झालेली मर वजा होते. औषधातली मर ६४ टक्के, नियंत्रणातली १० असेल तर (६४−१०)÷(१००−१०), म्हणजे ६० टक्के. नियंत्रणात २० च्या वर मेल्या तर सगळी चाचणी रद्द. अळी काळी पडून, पातळ होऊन उलटी लटकत असेल तर तो विषाणू आहे. ते कप टाकून द्या, भांडी ब्लीचने धुवा.

निम्म्या अळ्या मारणारी मात्रा ही एलसी-५०. पण ती एकटी काही सांगत नाही. संवेदनशील वाणाच्या, म्हणजे औषधाला सहज बळी पडणाऱ्या अळ्यांशी ताडून बघावी लागते. बंगळुरूच्या एनबीएआयआरकडे (राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो) जिवंत कीटकांचे संच असतात, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागामार्फत विचारा. तोवर फवारणी न होणाऱ्या एखाद्या पाड्यावरच्या अळ्या त्याच दिवशी, त्याच द्रावणात तपासा. ६० च्या मात्रेतही अळ्या वाचत असतील तर नमुना लगेच विद्यापीठाला दाखवा.

कीडपाहणी: निकाल येईपर्यंत एक पाळा. फ्लुबेंडायमाईड म्हणजे औषध बदललं असं नव्हे. त्याचाही गट २८च आहे, म्हणजे ते अळीवर क्लोरॅंट्रानिलीप्रोलसारखंच काम करतं. डब्यावरचा गट क्रमांक आणि लेबलवर वाल पीक आहे का, दोन्ही वाचा. एका पिढीला, साधारण महिनाभर, एक गट; पुढच्या पिढीला दुसरा. हेलील्युअरचे (घाटे अळीच्या नर पतंगांना ओढणाऱ्या गंधाचे) सापळे लावले असतील तर पतंग वाढायला लागल्याची तारीख वहीत टिपा. पिढी बदलल्याचं त्यावरून कळेल. प्रतिकारक्षमता मात्र सापळ्यावरून कळत नाही, ती कपातच कळते.