अशक्य झालेला प्रवास आणि अडकलेली अनामत

टाळेबंदीमुळे सहल रद्द झाली, तरी रिसॉर्टचालकाचा खर्च आधीच झालेला असतो, म्हणून पर्यटकाने खोलीसाठी आगाऊ भरलेली अनामत परत मागू नये, असे काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा महाबळेश्वरला किंवा तारकर्लीला पर्यटकाला जाता येत नव्हते आणि मालकालाही खोली देता येत नव्हती. अशा वेळी, करारातच वेगळी तरतूद नसेल तर, भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ५६ नुसार करार रद्दबातल होतो आणि कलम ६५ नुसार, ज्याने त्यापोटी लाभ घेतला त्याने तो परत करणे किंवा त्याची भरपाई देणे बंधनकारक ठरते. पर्यटकाची रजा नामंजूर झाली, तर गोष्ट निराळी; खोली तयार असते आणि ठरलेली कपात रास्तच आहे. परंतु शासनानेच वाट बंद केल्यावर, ज्यांचे पगार कापले गेले त्यांच्या गळ्यात पैशांऐवजी मुदतीची क्रेडिट नोट (ठरावीक काळात पुढच्या मुक्कामासाठीच वापरता येणारी जमा-पावती) मारणे मला सरळ अन्याय वाटतो. कोकणातील लहान घरगुती निवासांना एकरकमी परतफेड खरोखर जड जाते. त्यांना हप्त्यांची सवलत अवश्य द्यावी, मात्र ग्राहकाचा हक्क लेखी मान्य करूनच.