अडकलेलं बिल आणि उद्यम नोंदणी

लोकलचे धक्के वाचले की घरून काम करणाऱ्याला सुखच सुख, असं घरून काम करण्यावरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. मुलुंडहून सकाळची फास्ट पकडणं सुटलं याचा आनंद मलाही आहे. पण १ तारखेचा पगारही सुटला, ते जास्त जाचतं. मी घरी बसून भाषांतरं करते. एका गिऱ्हाईकाने ४८,००० रुपयांचं बिल सात महिने अडकवलं. 'अकाउंट्सला पाठवलंय मॅडम' हे ऐकून ऐकून फोन करायचीच लाज वाटायला लागली, जणू मीच उधार मागतेय. त्या काळात सोसायटीचा मेंटेनन्स सासूबाईंनी त्यांच्या पेन्शनमधून भरला, ते मला अजून लागतं.

बिल अडकलं तर 'आपल्यासारख्या एकट्याला कोण विचारतो' असं त्याच चर्चेत ज्यांनी लिहिलंय, त्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, जरूर करावी. घरून सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही ती करता येते, ऑनलाइन आणि फुकट. (पैसे मागणाऱ्या एजंटांच्या साइट्सपासून जपा.) २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, करारात काहीही लिहिलेलं असो, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक रेट' या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आता मी प्रत्येक बिलाखाली उद्यम क्रमांक आणि ही अट छापते. नोंदणी मात्र काम घेण्याआधीच करून ठेवा. मी बिल अडकल्यावर धावले, त्या बिलाला तिचा काही उपयोग झाला नाही.