मदत हवी आहे : १३ संघांकडून खेळलेल्या बास्केटबॉलपटूची कारकीर्द कशी मांडावी?

नमस्कार. इश स्मिथ या एनबीए (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) खेळाडूवर मी लेख लिहीत आहे. २०१० च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) कोणीही न निवडलेला हा पॉइंट गार्ड (संघाचे आक्रमण रचणारा खेळाडू) ह्यूस्टन रॉकेट्सकडून लीगमध्ये आला, पुढे विक्रमी १३ संघांकडून खेळला आणि तेराव्या, म्हणजे डेन्व्हर नगेट्स संघासोबत २०२३ मध्ये विजेताही ठरला. अशा खेळाडूंना ‘भटके’ म्हणून हिणवले जाते, ते मला पटत नाही. इतक्या प्रशिक्षकांना तो हवासा वाटला, हेही त्यातून दिसतेच.

अडचण संघबदलांच्या नोंदीची आहे. ट्रेड (संघांमधील खेळाडूंची देवाणघेवाण) झाल्यास जुना करार खेळाडूसोबत नव्या संघाकडे जातो, संघाने मुक्त केल्यास आणि अन्य कोणी तो करार न उचलल्यास खेळाडू मोकळा होतो, तर मुदत संपल्यावर तो स्वतः संघ निवडू शकतो; म्हणजे वरवर सारखे दिसणारे बदल मुळात फार वेगळे असतात. हे प्रकार तारीखवार वेगळे दाखवणारा खात्रीशीर स्रोत कोणता? तसेच, ट्रेडमध्ये मिळालेल्या खेळाडूला एकही सामना न खेळवता सोडून दिले, तर तो संघ कारकिर्दीत मोजावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.