मदत हवी आहे : बाबांना आता कोणता अध्याय वाचून दाखवू?

जय ख्रिस्त मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. बाबांना लकवा मारून दीड वर्ष झालं. कापूस वेचणीचे दिवस आहेत, मी दिवसभर वावरात. संध्याकाळी त्यांच्या खाटेजवळ बसून पवित्र शास्त्र (बायबल) वाचतो.

प्रार्थनेला येणारे म्हणतात, "ईयोबासारखा धीर धरा." (ईयोब म्हणजे बायबलमधला, फार दुःख सोसलेला देवभक्त.) परवा बाबा रडले, "देवानं मले आता न्यावं." मग असं बोललो म्हणून स्वतःलाच दोष देत बसले. मी ईयोबाचा 3रा अध्याय काढला. तिथं तर ईयोब आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो! तरी याकोबाच्या पत्रात (5:11) आठवण काढली आहे ती त्याच्याच धीराची. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुन्हा वाच."

स्तोत्र 13 आणि 88 वाचून झालीत. 2 करिंथ 12 मधला (प्रेषित पौलाचं करिंथकरांना दुसरं पत्र) पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, वाचायची मात्र भीती वाटते. पौलानं प्रभूला तीनदा विनवलं, तरी तो काटा निघाला नाही. बाबा खचले तर?

ज्यांनी घरात असं दुखणं काढलं आहे त्यांनी सांगा, तो उतारा तुम्ही केव्हा वाचलात? आणि मध्यरात्री ते जागे होतात तेव्हा वाचावं, की नुसता हात धरून बसावं?