वर्षात २३ पुस्तकं, प्रत्येकी दोन ओळी: हे वाचन की नुसती हजेरी?

पोहेवाला (धागाकर्ता)

मी समीक्षक नाही. दुकान बंद केल्यावर तासभर वाचतो, एवढंच. घरात मराठी, शाळा मात्र हिंदी माध्यमाची, त्यामुळे मराठी वाचायचा वेग बेतास बात. तरी यंदा २३ झाली. नियम एकच: पुस्तक मिटलं की त्याच रात्री वहीत दोन ओळी. काही नोंदी जशाच्या तशा देतो.

बनगरवाडी: धनगरांच्या वस्तीवर आलेला पोरसवदा मास्तर. शेवटी दुष्काळात गाव रिकामं होतं तेव्हा मीच घराला कुलूप लावून निघाल्यासारखं वाटलं.

रणांगण: एवढंसं पुस्तक, बोटीवरचं प्रेम. १९३९ सालचा नायक, पण एकदा पोळल्यावर कुणालाच पुरतं मन न देणारे असे दोघे-तिघे माझ्या ओळखीत आहेत.

माझा प्रवास (गोडसे भटजी): यज्ञाच्या दक्षिणेसाठी निघालेला गरीब भटजी १८५७ च्या बंडात सापडतो. आपल्या इंदुराजवळच्या महूचं नाव आलं तिथे उठून बायकोला वाचून दाखवलं. भाषा किती सोपी!

कोसला: साठाव्या पानावर सोडली. पांडुरंग सांगवीकरची कटकट ऐकवेना.

स्मृतिचित्रे (लक्ष्मीबाई टिळक): वाचनालयाची प्रत, पानं पापडासारखी. त्यांचे यजमान टिळक ख्रिस्ती होतात त्या भागात समासात कुणीतरी पेन्सिलीनं 'बाई गं' लिहून ठेवलंय. माझीही नोंद तेवढीच. बाई गं.

भाचा म्हणतो, मामा, हे वाचन नाही, मस्टर आहे. तुम्हाला काय वाटतं?

खडूस वाचक

भाच्याला माझ्यातर्फे एक प्लेट जिलेबी.

अहो, कोसला तुम्ही मनी मरायच्या आधीच सोडलीत. पांडुरंगाची धाकटी बहीण देवीच्या रोगानं जाते, तिथून पुस्तकाचा सूरच पालटतो, आधीची सगळी टवाळी कशावर पांघरूण घालत होती ते तिथे कळतं. त्याआधी उठून गेलेल्याने 'कटकट' म्हणावं? लग्नाला जाऊन मांडवातूनच परतायचं आणि जेवण अळणी होतं म्हणून सांगायचं, त्यातली गत.

गोडसे भटजींचं तर विचारूच नका. प्रत कुठली वाचलीत? चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापलं ते भटजींच्या लिखाणावर बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढला, तेव्हा कुठे भटजी स्वतः कसे लिहायचे ते लोकांना दिसलं. मग 'भाषा किती सोपी' ही शाबासकी कुणाला? भटजींना की वैद्यांना? दोन ओळींत लिहायचं म्हटलं की असे प्रश्न पडतच नाहीत, माझी तक्रार ती आहे.

रामबागी

खडूसभाऊ, तुम्ही पुण्यात शिकलात ना? दिसतंय.

इथे इंदुरात पुण्यासारखा पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक नाही. पुण्याहून कुणी यायचं असलं की आम्ही फोन करतो, आणि त्यांच्या बॅगेत चकली-चिवड्यातून उरलेल्या जागेत फार तर चार पुस्तकं बसतात. तीन आपली ठरलेली असतात. चौथं कुठलं, हे असल्या दोन ओळींवरच ठरतं. वीस पानी परीक्षण वाचून मी आजवर एकही पुस्तक मागवलेलं नाही, कारण परीक्षण संपेपर्यंत पुस्तक वाचल्यासारखंच वाटायला लागतं.

आणि 'बाई गं' ही नोंद मला पुरेशी आहे. ते पान मला आत्ता आठवलं.

महूकर

माझा राग ओळींवर नाही, २३ वर आहे. आकडा मोजायला लागलं की हात आपोआप बारक्या पुस्तकांकडे जातो. पोहेवाले, खरं सांगा, रणांगण पातळ म्हणूनच उचललंत ना?

मी यंदा एकच वाचलं, इरावती कर्व्यांचं युगान्त, पण तीनदा. द्रौपदीवरच्या लेखात शेवटी ती पडलेली असताना भीम मागे वळतो, तिथे पहिल्यांदा डोळे भरले. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की हे महाभारतात नाहीच! बाईंनी ते स्वतः रचलंय, आणि रचतेय असं कबूल करून रचलंय. पहिल्या दोन्ही वेळा ते कबुलीचं वाक्य माझ्या डोळ्यांखालून निसटलं होतं. पहिल्या रात्रीच वहीत लिहिलं असतं तर 'व्यासांनी काय शेवट केलाय' असं लिहून बसलो असतो.

पोहेवाला

रणांगण पातळ म्हणूनच उचललं. पकडलंत.

काल वाचनालयात जाऊन गोडसे भटजी पुन्हा काढलं. मुखपृष्ठ फाटलंय, पण आत वैद्यांचंच नाव. म्हणजे खडूसभाऊंचं बरोबर. वहीतली ओळ मात्र खोडली नाही, खाली तारीख घालून तिसरी लिहिली: 'सोपी भाषा बहुतेक वैद्यांची. भटजींची अजून पाहायचीय.' महूकर, तुम्हीही चूक लिहूनच ठेवायला हवी होती. तिसऱ्या वाचनात तुम्हाला केवढा आनंद झाला असता! पहिल्या रात्री आपल्याला काय वाटलं होतं हे पुढे आठवत नाही हो, त्यासाठीच वही. पुस्तक कसं आहे ते सांगायला जाणकार आहेतच.

कोसलाबद्दल मात्र ऐकणार नाही. कंटाळा आला तर आला असंच लिहीन. आणि मनी मरते हे तुम्ही सांगून टाकलंत, आता वाचू कशाला?

खडूस वाचक

पुस्तक १९६३ चं आहे. साठ वर्षांनी गुपित कसलं? आणि मरते हे कळून काही बिघडत नाही, पांडुरंग त्यावर काय बोलतो ते वाचा. पुढची साठ पानं वाचा, मग खुशाल फेका.

पोतदारांची प्रत माझ्याकडे आहे. परत मिळणार असेल तर देतो. शनिवारी रात्री सराफ्यात, खाऊगल्लीत भेटू.

रामबागी

सराफ्यात नको. मागच्या हिवाळ्यात माझं दया पवारांचं 'बलुतं' एकाने तिथेच परत केलं, अजून मधल्या पानांना तळलेल्या गराडूच्या तेलाचा डाग आहे.