प्रतिसाद: 'गुड बाय, लेनिन!'मधलं आईचं खोटं

'गुड बाय, लेनिन!' या जर्मन सिनेमात आई कोमातून उठते तोवर कम्युनिस्ट पूर्व जर्मनीची राजवट कोसळलेली असते, आणि तिला धक्का बसू नये म्हणून मुलगा अ‍ॅलेक्स ते तिच्यापासून लपवतो. आधीच्या एका पोस्टमध्ये म्हटलंय की हे लपवणं फार ताणलंय. मला नाही पटत. २००३ च्या या सिनेमात आधी आईनेच मुलांपासून बापाची पत्रं लपवलेली असतात, स्वयंपाकघरातल्या कपाटामागे! बाप पश्चिम जर्मनीत राहिला, आणि मुलांना घेऊन मागोमाग जायची तिची हिंमत झाली नाही. पूर्व जर्मनीची धास्तीच तशी होती. आईला बदल कळू नये म्हणून अ‍ॅलेक्स जुन्या पूर्व जर्मन बरण्यांत हॉलंडच्या काकड्या भरतो तेव्हा हसू येतंच. पण अ‍ॅलेक्सने तिच्यासाठी तयार केलेली शेवटची बनावट टीव्ही बातमी बघताना आईला खरं कळलेलं असतं, आणि ती टीव्हीऐवजी लेकाकडे बघत राहते. आईचं काम करणाऱ्या कात्रिन झासने तिथे कमाल केलीय. त्या नजरेसाठी तरी पुन्हा बघाच.